आधी फळी मोजा, मग फिगर घ्या

पहिली ॲक्शन फिगर, म्हणजे सिनेमातल्या किंवा कॉमिकमधल्या पात्राची प्लॅस्टिकची आकृती, विकत घेण्याआधी घरातली एक फळी रिकामी करा आणि टेप लावून तीन मापं घ्या: लांबी, खोली आणि वरच्या फळीपर्यंतची उंची. हे आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. मी इंदूरला दाताच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी डॉक्टरांशी हुज्जत घालण्यात माझा दिवस जातो, तेव्हा मापाचं खूळ धंद्यातूनच आलंय म्हणा हवं तर. तरी सांगतो, या छंदात पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा माप न ठरवल्यामुळे. माणूस दिसेल ते घेत सुटतो आणि वर्षभरानं कपाटात फूटभर उंच बॅटमॅन, त्याच्या गुडघ्याला लागणारा आयर्न मॅन आणि भल्यामोठ्या डोक्याचा नारुतो एका रांगेत उभे. त्याला संग्रह कोण म्हणणार?

मापं तशी चार-पाचच आहेत. सहा फुटी माणूस १:१२, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाएवढा, केला की साधारण सव्वापंधरा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे सहा इंच. सध्या सगळ्यांत जास्त चालणारं माप हेच. हॅस्ब्रोची मार्व्हल लेजंड्स, स्टार वॉर्सची ब्लॅक सिरीज, जपानच्या बंडाईची एस. एच. फिगुआर्ट्स ही सगळी याच गोतावळ्यातली. फिगुआर्ट्स जरा लहानखुऱ्या असतात एवढंच. त्याखाली पावणेचार इंच, म्हणजे १:१८. केनर कंपनीनं १९७८ साली स्टार वॉर्ससाठी हे माप रूढ केलं, १९८२ साली हॅस्ब्रोनं जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक याच उंचीत आणला. मॅकफार्लन आणि नेका या कंपन्यांचं सात इंच. आणि १:६ म्हणजे बारा इंच, कापडी कपडे घातलेल्या हॉट टॉइजच्या फिगर या मापाच्या. त्यांची किंमत बघून आधी खुर्ची शोधावी लागते. लेगोचा माणूस चार सेंटिमीटरचा, फन्को पॉप आणि नेंडोरॉइड दहा सेंटिमीटरच्या आसपास. यांना शरीराचं प्रमाण असं नसतंच, डोकंच सगळं.

नवख्या माणसाला मी सहा इंच किंवा पावणेचार इंच यांतलंच एक धरायला सांगतो. तीन फुटी फळीवर सहा इंची फिगर एका रांगेत आठ-नऊ मावतात. हात पसरून उभा असलेला स्पायडरमॅन एकटा दोघांची जागा खातो, तेही धरा. मागे एक पायरी केली तर दुसरी रांग होते. फ्लॅट लहान असेल, घरात आधीच भांडी आणि पुस्तकं यांची मारामारी असेल, तर पावणेचार इंच बरं.

माप ठरलं की कुंपण घाला. एकच पात्र, एकच मालिका, एकच कंपनी, किंवा फक्त खलनायक. काहीही चालेल, पण कुंपण हवं. माझं कुंपण फनस्कूल या भारतीय कंपनीचे जी. आय. जो. शिवाय एक वेगळी फळी मध्य प्रदेशातल्या हातबनावटीच्या आकृत्यांची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

ब्लाइंड बॉक्सपासून पहिलं वर्ष तरी लांब राहा. आत काय आहे ते न दाखवता विकतात ती खोकी. पॉप मार्ट या कंपनीच्या कितीतरी मालिकांत गुपित फिगरचं प्रमाण ७२ला १ असं खोक्यावरच छापलेलं असतं. गणित करून बघा: सुटी ७२ खोकी घेतली तरी ती फिगर हाती लागण्याची शक्यता शंभरात त्रेसष्टच्या आसपास. उरलेले सदतीस टक्के लोक त्याच पैशात काय काय करू शकले असते! ज्याला तो जुगारच आवडतो त्याला कोण अडवणार, पण त्याला संग्रहाची सुरुवात म्हणू नये.

जुनं कुठे मिळतं

एमआरएफचं पाठबळ असलेली फनस्कूल १९८७ साली सुरू झाली आणि नव्वदच्या दशकात हॅस्ब्रोच्या साच्यांतून काढलेले जी. आय. जो तिनं भारतभर पोचवले. यांचे रंग पुष्कळदा अमेरिकन फिगरपेक्षा वेगळे निघत, म्हणून परदेशातले संग्राहकही ते शोधतात. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांच्या घरी एखादा तरी माळ्यावर पडलेला आहे. इंदूरला मी रामबाग, लोकमान्यनगर या भागातल्या ओळखीच्या घरांमध्ये दिवाळीच्या साफसफाईच्या आधी फिरतो. आधीच जावं लागतं, कारण नंतर तो माल अटालेवाल्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, गाडीवर चढलेला असतो आणि प्लॅस्टिक म्हणून किलोवर गेलेला असतो. आमच्या गल्लीतल्या अटालेवाल्याला मी एक फिगर दाखवून ठेवली आहे. असं काही आलं की तो बाजूला काढतो.

घरात मागायची एक रीत आहे. "मावशी, माळ्यावर दादाची जुनी खेळणी असतील का?" असं विचारलं की मावशी म्हणतात, "घेऊन जा रे बाबा, तेवढीच जागा होईल." तिथे लगेच पिशवी उघडायची नाही. दादा पुण्याला असो की ह्यूस्टनला, त्याला फोटो पाठवून विचारायचं. निम्म्या वेळा दादा म्हणतो, ठेव, मला हवंय. निम्म्या वेळा देतो आणि वर कुठल्या वाढदिवसाला कुणी दिली होती तेही सांगतो. पैसे मावशींच्या हातात द्या; त्या घेणार नाहीत, मग काजूकतली न्या. आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे जुने मावळे निघाले तर तेही हात जोडून मागून घ्या. त्यांना कसलं स्केल नसतं, गडाच्या दरवाजापेक्षा गवळण मोठी, पण असे हातानं रंगवलेले मावळे आता प्लॅस्टरच्या साच्यांपुढे दुर्मीळ होत चाललेत.

जुनी फिगर हातात आली की चार जागा बघा. अंगठे: बंदूक जबरदस्तीनं कोंबल्यामुळे जी. आय. जोचे अंगठे सर्वांत आधी तुटतात. दोन मांड्यांमधला कमरेचा तुकडा: त्याला चीर आहे का. कोपरं. आणि पाठीवरचा स्क्रू: गंजलाय का, त्याची खाच झिजलीय का. या चारही जागा शाबूत असतील तर फिगर लुळी आहे, पाय लोंबताहेत, याची काळजी करू नका, ते दुरुस्त होतं. कमरेच्या मागे कोरलेलं साल मात्र नीट समजून घ्या. ते हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं, साल असतं, फिगर ओतल्याचं नव्हे. १९८६ कोरलेला सैनिक भारतात त्याच्या कितीतरी वर्षांनंतर तयार झालेला असू शकतो. विकणारा त्या सालावरून भाव चढवायला लागला तर नम्रपणे हसा.

लुळा जी. आय. जो उभा करणे

हे काम एकदा शिकाच, कारण निम्म्या किमतीत मिळणाऱ्या फिगर याच दुखण्याच्या असतात. या फिगरचं वरचं धड आणि पाय एका काळ्या रबरी रिंगेनं जोडलेले असतात. तीस वर्षांनी रबर कडक होऊन तुटतं आणि माणूस कमरेत दुभंगतो.

पांढरा टॉवेल पसरा. काळी रिंग आणि बारका स्क्रू फरशीवर पडले तर झाडूलाही सापडत नाहीत. पाठीचा स्क्रू बरोबर मापाच्या फुली स्क्रूड्रायव्हरनं काढा. चष्म्याच्या दुकानातला ड्रायव्हर लहान पडतो आणि खाच खातो. छातीचे दोन भाग अलगद वेगळे होतात, हात आणि डोकं आपोआप सुटतात. डावा-उजवा हात कुठला ते आधीच फोटो काढून ठेवा. खाली दोन मांड्यांना धरून ठेवणारा धातूचा एक हूक दिसेल. तुटक्या रिंगेचे तुकडे चिमट्यानं काढा आणि त्यातला एक घेऊन नळाच्या किंवा मशिनरी पार्टच्या दुकानात जा. जाडी आणि व्यास जुळणारी ओ-रिंग अगदी किरकोळ पैशांत मिळते, दहा-बारा एकदम घ्या. नवी रिंग कमरेच्या तुकड्यातून ओवून खालच्या हुकात अडकवा, वरचं टोक छातीतल्या ज्या खांबातून स्क्रू जातो त्याच्याभोवती घाला, हात-डोकं आपापल्या खोबणीत बसवा, दोन्ही अर्धुकं मिटवा आणि स्क्रू आवळा. शेवटचा अर्धा आटा हलक्या हातानं. जास्त आवळलं की आतला प्लॅस्टिकचा आटाच जातो, मग स्क्रू नुसता गरगर फिरतो.

फिगर ताठ उभी राहिली, वाकवून सोडली की स्वतःहून सरळ झाली, की काम झालं. रिंग फार घट्ट वाटली तर काढा. घट्ट रिंगेच्या ओढीनंच तो कमरेचा तुकडा तडकतो.

नवं घेताना

सहा इंची मार्व्हल लेजंड्स घ्यायला गेलात तर भारतात दोन हजारांच्या वरचीच तयारी ठेवा. भाव चढण्यामागे कर हे एक मोठं कारण आहे: खेळण्यांवरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३मध्ये ७०. म्हणून परदेशी साइटवरचा डॉलरचा भाव रुपयांत गुणून "अरे, स्वस्त आहे की" म्हणू नका. कुरिअरवाला दारात ड्युटीची पावती घेऊन उभा राहतो तेव्हा हिशेब कळतो.

दोन हजारांची फिगर कुणी चारशेला देत असेल तर ती नकली आहे, पुढे तपासायचीही गरज नाही. खरी पंचाईत दीड हजाराला मिळणाऱ्या नकलीची. तेव्हा चेहरा बघा. चांगल्या कारखान्यात डोळे छापलेले असतात, बुबुळाची कड स्वच्छ असते; नकलीत एक डोळा कपाळाकडे जातो. दोन रंग जिथे भेटतात ती रेघ बघा. सांध्यांच्या खिळ्यांभोवती साच्याचं जादा प्लॅस्टिक राहिलंय का बघा. आमच्या धंद्यात त्याला फ्लॅश म्हणतात आणि ते घासून काढल्याशिवाय कवळी लॅबबाहेर जात नाही. पायाखाली किंवा पाठीवर कंपनीचं नाव आणि हक्काची ओळ कोरलेली हवी. खोकं उघडताच थिनरसारखा उग्र दर्प आला तर परत मिटा. ड्रॅगन बॉल आणि वन पीसच्या खोक्यांवर तोएई ॲनिमेशनचं चमकतं स्टिकर असतं, पण स्टिकरचीही नक्कल होते, तेव्हा त्याच एका गोष्टीवर विसंबू नका.

आयएसआयच्या खुणेबद्दल पुष्कळांचा घोळ होतो. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ही खूण सक्तीची आहे. ती सुरक्षिततेची खूण आहे. बॅटमॅन बनवायचा परवाना त्या कारखान्याकडे आहे की नाही हे ती सांगत नाही. उलट संग्राहकांसाठीच्या ज्या फिगरच्या खोक्यावर १५+ छापलेलं असतं, त्यांच्यावर ती नसली तरी दचकायचं कारण नाही.

रानीपुऱ्यात होलसेलला मिळणारे बिनानावाचे सुपरहिरो भाच्याच्या वाढदिवसाला जरूर घ्या. ते स्वतःला कुणी दुसरं म्हणवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी माझं भांडण नाही.

इंटरनेटवर ओळख नसलेल्या माणसाकडून सुटी फिगर घ्यायची तर त्याच्याकडून एक फोटो मागा: फिगरच्या शेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेलं. शिवाय पाठीचा, तळपायांचा आणि सोबतच्या सगळ्या वस्तूंचा फोटो. जो टाळाटाळ करेल त्याला यूपीआय करू नका. एकदा कार्डवरच्या, म्हणजे छापील पुठ्ठ्यावर बंद असलेल्या, फिगरचं माझं पार्सल कुरिअरनं चेपून आणलं. तेव्हापासून विकणाऱ्याला सांगतो, कार्टनच्या आत दुसरं कार्टन कर, वरचे शंभर रुपये मी देतो. फिगर सुटी हवी असेल तर मात्र चेपलेलं खोकं ही पर्वणी, त्यावर भाव पाडून मिळतो. मी स्वतः खोकी फोडतोच. जी. आय. जोच्या कार्डाच्या पाठीवर त्या सैनिकाची कुंडली छापलेली असते, तेवढी कापून फाइलला लावतो.

प्लॅस्टिकची प्रकृती

कडक भाग बहुतेक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे, मऊ भाग, केस, कोट, झगे पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि फिगर चिकट लागायला लागते. घाबरू नका, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि सावलीत पूर्ण वाळवणं. बंद खोक्यात कोंडलेल्या फिगर जास्त चिकटतात, त्यांना अधूनमधून हवा दाखवा.

तिरकी झालेली तलवार किंवा एका बाजूला झुकलेली फिगर सरळ करायला गरम पाणी. उकळी फुटण्याआधी उतरवलेलं, त्यात मिनिटभर बुडवा, हातानं हव्या त्या आकारात धरा आणि तसंच धरून बर्फाच्या पाण्यात घाला. नव्या फिगरचा गुडघा रंगानं चिकटलेला असतो, तोही असाच सुटतो. थंड असताना पिरगाळलात तर आतला खिळा तुटतो. सांधा सैल असेल तर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा थेंब सांध्यात सोडून तो वाळेपर्यंत पाय हलवत राहा. नेलपॉलिश लावा असं पुष्कळ जण सांगतात; त्यातलं द्रावण एबीएसला खातं. थिनर, ॲसिटोन, आमच्या लॅबमधला मोनोमर, यांच्या जवळही फिगर नेऊ नका. फेव्हिक्विक सांध्याजवळ नको, आणि पारदर्शक भागावर तर मुळीच नको, भोवती पांढरट डाग उठतो तो जात नाही.

कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नसावं. ऊन लागलं की पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि लाल रंग विटतो. इंदूरच्या मे महिन्यात बंद काचेच्या कपाटात उन्हानं जी भट्टी होते तिच्यात फिगर गुडघ्यात वाकून सगळं कपाट ओळीनं कोसळतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटात बऱ्या, इथे नकोत. त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. सुटे हात, बंदुका, ढाली यांच्यासाठी माझ्याकडे दातांच्या क्लिपा ठेवायच्या रंगीत डब्या आहेत, प्रत्येक फिगरची एक, झाकणावर नाव. औषधांच्या गोळ्यांच्या खणाच्या डब्याही चालतात.

घराजवळचं

आमच्या शहरात चामड्याची खेळणी बनतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि तरी इंदूरच्याच लोकांना ती दाखवावी लागतात. लोखंडी तारेचा सांगाडा, त्यावर कागद आणि भरण, आणि वरून बारीक जोडलेलं चामडं: घोडा, उंट, हरिण. घेताना पोटाखालचा जोड आणि कानांच्या मागची कड बघा, कारागिराचा हात तिथे कळतो. यांना पाणी लावायचं नाही, पॉलिथिनमध्ये गुंडाळायचं नाही. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कोरड्या कापडानं पुसून मोकळ्या फळीवर ठेवायचं.

झाबुआच्या कापडी बाहुल्या, भिल्ल पोशाखातलं जोडपं, त्याच्या हातात धनुष्य, तिच्या डोक्यावर टोपली, याही याच फळीवर. ही कला जपणारे झाबुआचे रमेश आणि शांती परमार यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सरकारी मृगनयनी दुकानात अशा वस्तू मिळतात. बुधनीची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी नर्मदापुरमकडे जाताना रस्त्यावरच दिसतात. सहा इंचांच्या शिस्तीत यातलं काहीच बसत नाही, म्हणून त्यांना वेगळी फळी द्या आणि प्लॅस्टिकवाल्यांच्या मापाची शिक्षा त्यांना लावू नका.

एक वही ठेवा: नाव, कंपनी, माप, कुणाकडून, केवढ्याला, काय कमी आहे. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा, अदलाबदल त्यावरच चालते. मार्व्हल लेजंड्सच्या कितीतरी फिगरसोबत एका मोठ्या फिगरचा एकेक अवयव येतो. सहा-सात घेतल्या की तो मोठा पुरा होतो. तो पुरा करण्यासाठी नको असलेल्या फिगर विकत घेणं हा शुद्ध सापळा आहे. त्यापेक्षा सुटा अवयव दुसऱ्या संग्राहकाशी बदलून घ्या, पोस्टाचा खर्च निम्मा-निम्मा. माझ्या वहीत सध्या थॅनोसच्या दोन उजव्या तंगड्या जादा लिहिलेल्या आहेत. कुणाकडे डावी असेल तर बोला.